पादुका एसटीत बसल्या तेव्हा

30 जून 2020, आषाढ शुद्ध दशमी. फुलांनी सजवलेली एक एसटी पैठणहून पंढरपूरच्या रस्त्याला लागली. आत मोजकी वीस माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, आणि त्यांच्यात संत एकनाथ महाराजांच्या पादुका. एरवी हा प्रवास पायी होतो आणि त्याला अठरा-एकोणीस दिवस लागतात. पहिला मुक्काम चनकवाडीला. मग मिडसांगवी, पारगाव घुमरे, खर्डा, परांडा अशी गावं येतात, वाटेत रिंगणं होतात, भाकरी-ठेच्याच्या पंगती उठतात, एखाद-दुसरा पाऊस अंगावर घेतला जातो. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट त्या दिवशी गाडीने एका दमात संपवली.

मला मात्र त्या एसटीपेक्षा तिच्या आधीच्या अठरा दिवसांचं नवल जास्त वाटतं. पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीलाच झालं होतं, 12 जूनला, ठरल्या तिथीला. पादुका गावातल्या वाड्यातून निघाल्या आणि गोदावरीकाठच्या समाधी मंदिरात येऊन थांबल्या. पुढचे अठरा दिवस मुक्काम तिथेच. प्रस्थान झालं म्हणजे रीतीप्रमाणे पालखी वाटेवर आहे, आणि प्रत्यक्षात ती गावाची वेस ओलांडत नाही! नियम पाळला गेला आणि वारीही चुकली नाही. ही युक्ती ज्याला सुचली त्याला माणसाचं मन चांगलं कळत असणार.

त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे जगातल्या जवळपास प्रत्येक सरकारने आपल्या लोकांना ‘घरी बसा’ असं सांगितलं. सांगणं तेच, पण ऐकणं देशागणिक वेगळं. कुठे न सांगताच लोक घरात बसले, कुठे लाठी खाऊनही बाहेर पडले, कुठे कोर्टात गेले. एकाच गावातला एकच माणूस एक नियम निमूटपणे पाळतो आणि दुसरा बिनदिक्कत मोडतो, हेही सगळ्यांनी पाहिलं. असं का होतं याची उत्तरं मोठमोठ्या विद्यापीठांत शोधली गेली. पण पैठणमध्ये उभं राहून बघितलं की त्यातलं बरंच उलगडतं.

सुरुवात मार्च 2020 पासून करावी लागेल. फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. नाथांनी 1599 मध्ये याच तिथीला गोदावरीत समाधी घेतली. शेकडो दिंड्या पायी पैठणला येतात, गोदेच्या वाळवंटात राहुट्या पडतात, लाखांनी माणूस जमतो. अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास काल्याची दहीहंडी फुटते आणि यात्रा उठते. त्या वर्षी प्रशासनाने यात्रा रद्द केली. देशात टाळेबंदी यायला अजून दहा-बारा दिवस होते. साथ अजून बातम्यांमध्ये होती, गल्लीत आली नव्हती. वाटेवरच्या दिंड्यांना मागे फिरायला सांगण्यात आलं. धार्मिक विधी मोजक्या मानकऱ्यांनी केले.

या यात्रेची सुरुवात ज्या रांजणापासून होते, तो जरा जवळून बघू. नाथवाड्यातला हा रांजण. श्रीखंड्याचं रूप घेतलेल्या श्रीकृष्णाने बारा वर्षं कावडीने पाणी आणून तो भरला, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि लोक घागरी ओतू लागतात. म्हातारी माणसं, सासुरवाशिणी, शाळेची पोरं, यात्रेकरू, कुणीही. रांजण काही लगेच भरत नाही. आपण ओतलेली घागर कुठे गेली ते कळतही नाही. दुसऱ्या दिवशी परत यावं तर पाणी तेवढंच दिसतं. आणि मग एक दिवस कुणाच्या तरी घागरीने तो काठोकाठ भरून वाहायला लागतो. ती व्यक्ती म्हणजेच श्रीखंड्या, असं मानून तिचा मान होतो.

साथीतल्या नियमांचा स्वभाव अगदी या रांजणासारखा आहे. मी मास्क लावला तर साथ थांबली असं मला कधीच दिसणार नाही. न लावला तर वाढली असंही दिसणार नाही. शेजारचाही आपली घागर ओततोय, या भरवशावरच माणूस आपली घागर उचलतो. तो भरवसा नसेल तर कितीही पोलीस उभे करा, रांजण कोरडाच. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 177 देश आणि प्रदेशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साथीला तोंड देण्याची कागदावरची तयारी आणि प्रत्यक्षातला संसर्ग यांचा धड मेळच बसत नव्हता. मेळ बसत होता तो सरकारवरच्या विश्वासाशी आणि माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासाशी. 2019 मध्ये अशा तयारीची जी जागतिक क्रमवारी लागली होती, तिच्यात अमेरिका पहिली होती आणि ब्रिटन दुसरं. पुढे या दोघांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता जरा जगाची चक्कर मारू. फ्रान्सने 17 मार्च 2020 पासून घराबाहेर पडायला कागद लागेल असा नियम केला. गंमत अशी की तो कागद स्वतःच भरायचा आणि खाली सही स्वतःच करायची. ‘मी अमुक, किराणा आणायला चाललोय.’ आठवडाभरात त्यात आणखी भर पडली: पाय मोकळे करायला जायचं तर घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि एका तासात परत. कागद नसेल तर 135 युरो दंड. म्हणजे परवानगी देणारा आणि मागणारा माणूस एकच! आपल्याकडे जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, तो पोलिसांकडून. अर्ज करा, कारण लिहा, कागद जोडा, वाट बघा. दोन्हीकडे कागदच, पण एका कागदावर माणूस स्वतःशी करार करतो आणि दुसऱ्यावर साहेबाकडे विनंती करतो. विनंती फेटाळली गेली की आपला माणूस आडवाट शोधतो, यात त्याचा स्वभाव जेवढा, तेवढीच त्या कागदाची ठेवणही कारणीभूत आहे.

पनामाने तर एप्रिल 2020 मध्ये वारच वाटून दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांनी बाहेर पडायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांनी. आणि वेळ ठरायची ओळखपत्राच्या आकड्यावरून. रस्त्यावर नजर टाकली की नियम मोडणारा लगेच ओळखू यावा, हा हिशेब. हिशेब सोपा होता, पण तृतीयपंथी माणसांना कुठल्याच वारी धड बाहेर पडता येईना.

जपानमध्ये लोकांना घरात कोंडायचा अधिकारच सरकारला कायद्याने नव्हता. 7 एप्रिलला आणीबाणी जाहीर झाली, तीही विनंतीवजा. कोंडलेली जागा, गर्दी आणि जवळून बोलणं, या तीन गोष्टी टाळा, एवढंच सांगणं. लोकांनी ते बऱ्यापैकी ऐकलं. स्वीडनमध्ये आंदेर्स तेग्नेल नावाच्या सरकारी साथरोगतज्ज्ञाने सूत्रं हातात घेतली. लहान मुलांच्या शाळा चालू, उपाहारगृहं चालू, पन्नासांहून अधिकांची गर्दी बंद. आणि भारत? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी देशोदेशीच्या निर्बंधांना शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या टाळेबंदीला पैकीच्या पैकी मिळाले. परीक्षेत शंभर गुण मिळाले की आपल्याला बरं वाटतं. हे शंभर मात्र कडकपणाचे होते, गुणवत्तेचे नव्हेत.

त्या शंभर गुणांची किंमत आपल्याच, पैठणच्या जिल्ह्याच्या मातीवर मोजली गेली. 8 मे 2020 ची पहाट, करमाडजवळचा रेल्वेमार्ग. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे निघाले होते. तिथून गावाकडे गाडी मिळेल अशी आशा होती. रात्रभर चालून थकले आणि रुळांवरच आडवे झाले. नेहमीच्या प्रवासी गाड्या तर बंदच होत्या. मालगाडी आली. 16 जण गेले. रुळांवर चपला आणि भाकऱ्या विखुरल्या होत्या, ती छायाचित्रं ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. या मजुरांनी नियम मोडला, असं कुणी म्हणालं तर मला त्याच्याशी बोलायचं नाही. घरीच राहा हा नियम घर असलेल्यासाठी होता. ज्याचं घर आठशे किलोमीटरवर आहे आणि मजुरी बंद झाली आहे, त्याला तो पाळताच येत नव्हता. ज्या उन्हाळ्यात वारकऱ्यांनी चालणं थांबवलं, त्याच उन्हाळ्यात हे लोक चालत होते. एकाच जिल्ह्यात.

पुन्हा यात्रांकडे येतो, कारण खरी कसोटी तिथे लागली. दुकान बंद ठेवणं वेगळं आणि देव बंद ठेवणं वेगळं. 23 जून 2020 ला, म्हणजे आपली एसटी निघायच्या सातच दिवस आधी, पुरीला जगन्नाथाची रथयात्रा निघाली. 18 जूनला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली होती. 22 तारखेला अटी घालून परवानगी दिली. एका रथाला जास्तीत जास्त पाचशे माणसं, तीही तपासणी झालेली, दोन रथ ओढण्यामध्ये तासाभराचं अंतर, आणि शहरात संचारबंदी. रथ ओढले गेले, बघायला भक्त नव्हते. मक्केत 2019 साली सुमारे पंचवीस लाख लोकांनी हज केलं होतं. 2020 मध्ये सौदी सरकारने संख्या हजाराच्या आसपास आणली आणि तीही देशातच राहणाऱ्यांपुरती. सैतानाला मारायचे खडे यात्रेकरू स्वतः वेचतात. त्या वर्षी ते निर्जंतुक करून पिशव्यांत भरून हातात दिले. मला हे फार आवडलं. खडे मारणं रद्द केलं नाही, खडे धुऊन दिले.

कोरियातल्या बौद्ध संघांनी तर आणखी सुंदर वाट काढली. बुद्धजयंती 30 एप्रिलला होती. संघांनी आपणहून सोहळा 30 मेपर्यंत पुढे ढकलला, आणि पंचांग त्यांच्या मदतीला धावून आलं. त्या वर्षी त्यांच्या चांद्र कालगणनेत चौथा महिना अधिक होता, म्हणून महिन्याने तीच तिथी परत आली! आपल्याकडे त्याच वर्षी अधिक आश्विन होता, तो या कामाला यायचा नव्हता. याउलट न्यूयॉर्क. तिथल्या राज्यपालांनी लाल पट्ट्यातल्या प्रार्थनास्थळांत दहाच माणसं असावीत असा आदेश काढला. ब्रुकलिनचा कॅथलिक धर्मप्रांत आणि ज्यू संस्था अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 25 नोव्हेंबर 2020 ला पाच विरुद्ध चार मतांनी जिंकल्या. भल्यामोठ्या चर्चलाही दहा आणि टपरीएवढ्या चर्चलाही दहाच, आणि शेजारच्या दुकानाला मात्र अशी मर्यादाच नाही, हा हिशेब लोकांना पटेना.

पैठण, पुरी, मक्का आणि सोल यांची माळ लावली की एक धागा दिसतो. गाभा ठेवला आणि गर्दी वजा केली, तिथे लोक ऐकतात. गाभाच उचलून नेला, किंवा आपल्याला एक माप आणि शेजाऱ्याला दुसरं असं वाटलं, की कुरबुर सुरू होते. आणखी एक म्हणजे सांगणारा आपल्यातला असावा लागतो. पादुका एसटीने नेण्याचं संस्थानांनी आणि फडकऱ्यांनी स्वीकारलं, म्हणून वारकऱ्यांना ते उतरलं. विमान, हेलिकॉप्टर की बस अशी चर्चाही त्या वेळी झाली होती. बस ठरली ते बरं झालं. एसटी वारकऱ्याची आहे. हेलिकॉप्टरमधल्या पादुकांना त्याने नमस्कार केला असता, पण मान वर करून.

सगळेच तयार होते असं समजू नका. पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, मानाच्या दहा पालख्यांना प्रत्येकी दोन बस दिल्या आणि वाखरीपासून शेवटचा दीडेक किलोमीटर चालायला मुभा मिळाली. तरी बंडातात्या कराडकरांसारखे ज्येष्ठ कीर्तनकार पायी वारीवर अडून राहिले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. माझं मत विचाराल तर सरकार आणि कीर्तनकार दोघंही आपापल्या जागी खरे होते. पण त्या एप्रिल-मे महिन्यांत गावोगावच्या स्मशानांत जे पाहिलं, त्यानंतर बसचा निर्णयच बरोबर वाटतो.

2020 च्या आषाढीचा एक तपशील तर कथेत शोभावा असा आहे. मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेला बसण्याचा मान दरवर्षी दर्शनाच्या रांगेतल्या वारकरी दांपत्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती. मग मान मिळाला तो देवळात वीणेचा पहारा देणाऱ्या वारकऱ्याला आणि त्यांच्या पत्नीला. टाळेबंदीतही वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ते आतच होते.

नाथषष्ठी 2021 मध्येही रद्द झाली आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याने वेगळा तमाशा पाहिला. 30 मार्चपासून कडक टाळेबंदी जाहीर झाली होती. व्यापारी, कामगार, खासदार सगळे विरोधात उभे राहिले आणि लागू व्हायच्या आधी काही तास ती मागे घेतली गेली. यात्रा रद्दच राहिली. मग 9 नोव्हेंबर 2021. लसीकरणात जिल्हा मागे, 55 टक्क्यांवर, आणि राज्य 74 वर. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला की लसीचं प्रमाणपत्र नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. देशभर बातमी झाली. आणि आठवड्याच्या आत, 15 नोव्हेंबरला, ऑस्ट्रियाने लस न घेतलेल्यांपुरती टाळेबंदी लावली. व्हिएन्ना आणि पैठण इतक्या जवळ कधी आले नसतील. ऑस्ट्रियाने पुढे लससक्तीचा कायदाही केला, आणि काही महिन्यांतच तो गुंडाळला. पेट्रोल अडवणं मला चालतं. रेशन अडवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

धाकाचं काम कुठवर चालतं, हे महाराष्ट्राला पूर्वीच कळायला हवं होतं. 2020 मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लावला तो 4 फेब्रुवारी 1897 चा. पुण्यात प्लेग होता, रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून तपासणी करत होते आणि लोक रोगी माळ्यावर दडवत होते. 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पैठण तेव्हा निजामाच्या मुलखात. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेग यायचा तो वेगळ्याच रूपात: उंदीर पडू लागले की गाव आपणहून घरं सोडून रानात जायचं, माळावर खोपी घालायचं. 1918 च्या इन्फ्लुएंझाला तर लोकांनी नाव दिलं मानमोडी, आणि ती आठवण घराघरांत उरली.

म्हणून मार्च 2020 मध्ये जे झालं त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी सरकारच्या हुकुमाची वाट न बघता वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर. आई दुरून डबा ठेवून मागे सरकायची. इंग्लंडमधल्या ईम नावाच्या गावाने 1666 मध्ये प्लेग पसरू नये म्हणून स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. वेशीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या दगडाला आज लोक भेट द्यायला जातात, त्यावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत.

आपल्या बाभळीच्या फांद्या त्याच उन्हाळ्यात चुलीत गेल्या. गावबंदीत सगळंच चांगलं होतं असं नाही. आजाऱ्याला वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं, दवाखान्यातून बरी होऊन आलेल्या बाईशी शेजारणी बोलेनात, हेही झालं. पण कोणत्या गावाने कधी वेस बंद केली, कुणाला सूट दिली, पहाऱ्याला कोण होतं, दळण कुणी पोचवलं, हे ग्रामपंचायतींच्या ठरावांत, दक्षता समितीच्या वह्यांत आणि शाळेच्या हजेरीपटामागच्या नोंदींत अजून सापडेल. तुमच्या गावात असे कागद असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढा, तारीख घाला, आणि ज्यांनी पहारा दिला ते आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.